शहाणी मुलगी

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला शब्दांच्या खोड्या काढायची सवय लागते. वर्गात लागते, ती घरीही सुटत नाही. गेले वर्षभर असाच एक शब्द माझ्या मागे लागला आहे. शब्द अगदी साधा, तुमच्या-आमच्या घरात दिवसातून दहादा उच्चारला जाणारा : शहाणा.

हा शब्द मुलग्याला लावून पाहा. ‘फार शहाणा आहेस’, ‘दीडशहाणा’, ‘मला शहाणपणा शिकवू नकोस’. पुल्लिंगात तो जरा संशयास्पदच आहे. कौतुकाने वापरला, तरी त्याचा संबंध डोक्याशी आणि व्यवहाराशी. पेशवाईत साडेतीन शहाणे होऊन गेले. सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण, आणि नाना फडणीस अर्धे. कारण त्यांना तलवार चालवता येत नव्हती, असे सांगतात. साडेतीनही राजकारणी, कारस्थानी, कुणाला सहजासहजी काही न सोडणारे.

आता तोच शब्द मुलीला लावा. शहाणी मुलगी कोण? पाहुणे आले की जी परकर-फ्रॉक सावरून बसते, ताटात पडेल ते खाते, धाकट्या भावाने बाहुली ओढली तर ‘घे तुला’ म्हणून देऊन टाकते, ती. शब्द एकच, पण पुल्लिंगात तो ‘कसे मिळवावे’ हे सांगतो आणि स्त्रीलिंगात ‘कसे सोडावे’ हे. खेडोपाडी तर ‘पोरगी शाणी झाली’ याचा अर्थच तिला न्हाण आले, असा होता. म्हणजे आजपासून झाडावर चढणे बंद, नदीवर डुंबणे बंद, अंगणातला लंगडीचा डाव बंद. शहाणपण आले, आणि येताना खेळ घेऊन गेले!

दिवाळी अंकात वाचकांच्या पानावर गोड वाढावे, अशी आमच्या संपादकांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. पण फराळाच्या ताटात शंकरपाळ्यांशेजारी चकली असतेच. तेव्हा थोडे तिखट लागले तर वाचकहो, चालवून घ्या.

आमची कन्या आता आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. ती झाली तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले होते की हिला ‘मुलीसारखी’ वाढवायची नाही आणि ‘मुलासारखी’ तर मुळीच नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण, हे पुढे कळत गेले. कारण ‘आम्ही आमच्या मुलीला अगदी मुलासारखं वाढवतो हं’ हे वाक्य आजच्या शिकल्यासवरल्या घरांत बिरुदासारखे मिरवले जाते. मुलीने गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवले, तिने बापाला दवाखान्यात नेले, ती मोटार चालवू लागली, की म्हणायचे, ‘ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे!’ बिचारीने इतके करून काय मिळवले, तर बढती. आणि बढती कशातून कशात, तर मुलीतून मुलग्यात. उलट मुलगा आईचे पाय चेपतो, भाकऱ्या करतो, म्हणून ‘हा माझा मुलगा नाही, मुलगीच आहे’ असे अभिमानाने सांगणारा बाप मला अजून भेटायचा आहे.

हे आपल्या लाडाच्या बोलण्यातही उतरले आहे. ‘बाळा, जेवलास का रे?’ असे आपण मुलीला सर्रास म्हणतो. मीही म्हणते, त्यात माया आहे, हे मी नाकारीत नाही. पण मायेने मुलाला ‘जेवलीस का गं?’ म्हणणारी आई विरळा, आणि कुणी म्हटलेच, तर ते पोरगे मित्रांसमोर तोंड लपवील.

काही जण याचे खापर मराठीच्या व्याकरणावर फोडतात. इंग्रज मुलगी आणि इंग्रज मुलगा एकच क्रियापद वापरतात. आमच्याकडे मात्र दोन वर्षांचे पोर ‘मी जातो’ की ‘मी जाते’ यात अडकते. थोरला भाऊ असलेल्या घरात धाकटी बहीण बेलाशक ‘मी जातो’ म्हणते, आणि सगळे हसून तिला दुरुस्त करतात. पण व्याकरणाला एवढा दोष देणे मला पटत नाही. कोल्हापूरकडच्या बायका आजही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे ठसक्यात म्हणतात. म्हणून तिकडच्या चुलीपुढून त्या उठल्या आणि पुरुष बसले, असे काही झालेले नाही. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, तरी बंगाली सासू व्हायची ती सासूच होते. उलट मराठीने मुलांसाठी एक सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मूल, लेकरू, पोर, वासरू ही सगळी नपुंसकलिंगी. ‘ते’ रडते, ‘ते’ हसते, ‘ते’ चिखलात लोळते. तिसरे लिंग आपल्या पूर्वजांनी लहानग्यांना खेळायला मोकळे ठेवले होते म्हणा ना. त्यातून त्यांना घाईघाईने बाहेर काढतो ते आपण.

ही घाई दुकानात फार दिसते. मागे आम्ही तिच्यासाठी सायकल घ्यायला गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, ‘मुलगा की मुलगी?’ उंची विचारली ती नंतर. मुलगी म्हटल्याबरोबर त्याने गुलाबी सायकल पुढे ओढली. तिला झालरी होत्या आणि पुढे बाहुली ठेवायची टोपली. मला गंमत वाटली. गुलाबी रंग मुलींचा, हे आपल्याकडे कधी ठरले? लग्नात गुलाबी फेटा बांधून मिशांना पीळ देणारे आजोबा आपल्या सर्वांच्या जुन्या फोटोंत आहेत. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जाऊन पाहा. सासनकाठ्या नाचवणारे धिप्पाड गडी डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झालेले असतात आणि त्यांच्या मर्दपणाला काडीचाही धक्का लागत नाही. तान्ह्या बाळाचे वाळे, बिंदल्या, मनगट्या मुलामुलींना सारख्याच. बोरन्हाणात काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून मिरवताना मुलगा कोण नि मुलगी कोण, हे शेजाऱ्यांना विचारावे लागे. हा गुलाबी-निळा सोवळेपणा आपला नव्हेच. तो बाहेरून खोक्यांत भरून आला आणि आपण तो परंपरा म्हणून पाटावर बसवला.

सायकल तिने शेवटी गुलाबीच घेतली, कारण तिला ती आवडली. त्यालाही माझी हरकत नव्हती. हिरवी सायकल बळेच तिच्या गळ्यात मारून मी काय साधणार होते? माझे भांडण रंगाशी नाही, खिशांशी आहे. मुलींच्या कपड्यांना खिसे का नसतात, याचे उत्तर मला एकाही दुकानात मिळालेले नाही. असतात ते नुसते शिवणीचे, आत हात न जाणारे. आठ वर्षांच्या मुलाच्या चड्डीत भोवरा, दोरी, खडू आणि मेलेला भुंगा इतके सामान मावते. आमच्या बाईसाहेबांना सापडलेली चिंच मुठीत धरून घरी यावे लागते. एक हात चिंचेत अडकला, की झाडावर चढायला उरला एकच.

घरात सासूबाई आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वाईच्या, आणि बोलायला फटकळ. ‘मुलीच्या जातीला इतका हट्ट बरा नव्हे’ हे त्यांचे पालुपद. एकदा मी म्हटले, “आई, तुम्ही लहानपणी कृष्णेत घाटावरून उड्या मारीत होता ना?”

“मारीत होते. म्हणून तर सांगते. अकराव्या वर्षी एकदम बंद केलं सगळं. आधी मिळालंच नसतं, तर इतकं लागलं नसतं.”

या उत्तरापुढे मी गप्प झाले. त्यांचा मुद्दा खोटा नाही. “तू घरात हिला राणी करशील, पण बाहेर जग तेच आहे,” असे त्या म्हणतात, तेव्हा त्यात जुनाटपणा कमी आणि धास्ती जास्त असते. ती धास्ती मलाही आहे. लेक सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाते, तेव्हा मी गॅलरीत उभी असते. मुलगा असता तर असते का? कदाचित रिक्षांच्या भीतीने पाच मिनिटे असते. आता उभी असते ती परत दिसेपर्यंत. यावर मजजवळ उपाय नाही. तिला जाऊ द्यायचे आणि आपण उभे राहायचे, एवढेच ठरवले आहे.

शाळेचे म्हणाल, तर पुस्तके आमच्यापेक्षा पुढे गेली आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात चित्रे बदलली. आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडत बसले आहेत, असे चित्र त्यात आले. आमच्या लहानपणीच्या पुस्तकातले वडील कायम वर्तमानपत्र वाचीत असत. इतकी वर्षे वाचून त्यांचे ते एक वर्तमानपत्र संपले नाही! पण चित्र बदलले तरी वाक्य बदलायला वेळ लागतो. आमच्या घरी पिठले आणि खिचडी हे खाते यजमानांकडे आहे. त्यांच्या पिठल्याला माझ्या हाताची सर नाही, असे मला वाटते. घरात दुसऱ्या कुणाला तसे वाटत नाही. तर कन्येने निबंधात लिहिले, ‘माझे बाबा आईला स्वयंपाकात मदत करतात.’ बाईंनी त्यावर ‘छान’ असा शेरा दिला. मी तो ‘मदत’ शब्द कितीतरी वेळ पाहत होते. मदत म्हणजे दुसऱ्याच्या कामाला लावलेला हात. मी कधी बँकेत जाऊन वीजबिल भरले, तर ‘आई बाबांना मदत करते’ असे कुणी लिहिणार नाही. यजमानांना निबंध दाखवला. ते म्हणाले, “तिला काय सांगणार? उद्यापासून सकाळचा डबा मी करतो.” आणि तेव्हापासून ते करताहेत. पुढच्या निबंधात काय येते ते पाहायचे.

बालवाडीत असताना एकदा ती घरी येऊन म्हणाली होती, “मुली ड्रायव्हर नसतात.” कुणी सांगितले, तर एका मैत्रिणीने, मैत्रिणीला कुणी सांगितले, तर कुणीच नाही, तिने पाहिले. मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले नाही. मग मी तिला सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव यांची गोष्ट सांगितली. १९८८ साली त्या भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या आणि २०११ च्या ८ मार्चला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. २०२५ च्या सप्टेंबरात त्या निवृत्त झाल्या, तेव्हा ही बातमी कन्येनेच मला वाचून दाखवली. वर म्हणाली, “आता गाडी कोण चालवणार?” जणू मध्य रेल्वेत त्या एकट्याच होत्या!

आता आमच्या सोसायटीतल्या किल्ल्याविषयी.

दिवाळीचा किल्ला म्हणजे काय चीज आहे, हे वाचकांना सांगायला नको. पोत्यांवर चिखल थापायचा, दगडविटांचे बुरूज रचायचे, हळीव-मोहरी पेरून रान उगवायचे, आणि वर सिंहासनावर महाराज. तीन दिवाळ्यांपूर्वी आमची ही बाई मोठ्या उत्साहाने खाली गेली आणि पाच मिनिटांत परत आली. मुलांनी सांगितले होते, ‘किल्ला आम्ही करतो, तू त्याच्यापुढे रांगोळी काढ.’ ती निमूटपणे बाजूला झाली. त्यावर एका मुलाची आई मला जिन्यात म्हणाली, “किती शहाणी आहे हो तुमची मुलगी! लगेच समजून घेतलं.” बाईंनी मनापासून म्हटले होते. मात्र तेव्हापासून हा शब्द माझ्या कानात खडा अडकावा तसा अडकला.

पुढच्या वर्षी ती चिखल कालवायला राहिली. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, तिने निराळाच घोळ घातला. चित्रे आणायला आम्ही कुंभारवाड्यात गेलो. महाराज होते, मावळे होते, तोफा, वाघ, शेतकरी होते. बायकांत डोक्यावर मडके घेतलेली गवळण. कन्येने विचारले, “ताराबाई आहेत का?” राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाच्या फौजांशी झुंज देणारी महाराणी ताराबाई तिने नुकतीच आजीकडून ऐकली होती. होय, त्याच आजीकडून. ‘मुलीच्या जातीला’ म्हणणाऱ्या. दुकानातल्या मावशी म्हणाल्या, “ताराबाई कुणी मागत नाही गं.” मग घरी आणून एका घोडेस्वाराची मिशी खरवडली आणि कापडाची चिंधी चिकटवून त्याला लुगडे नेसवले. मुलांची सभा भरली. बराच वादविवाद झाला. शेवटी ताराबाईंना पन्हाळ्याऐवजी खालच्या दरवाज्यापाशी जागा मिळाली, त्याही वाघाच्या गुहेशेजारी. नंतर नोव्हेंबरात २ तारखेला नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. त्या रात्री हीच मुले गच्चीवर घसा बसेपर्यंत ओरडली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कन्येला आपल्या डावात घेतले. उभे केले सीमारेषेवर, जिथे चेंडू फारसा येत नाही. तिथून ती आता यष्टीमागे आली आहे.

पण त्याच दिवाळीतली दुसरी गोष्ट सांगितल्याखेरीज हे लिखाण पुरे होणार नाही. भाऊबीजेला माझा थोरला भाऊ आला. दादा स्वभावाने चांगला. माझ्या शिक्षणासाठी त्याने स्वतःची पहिली नोकरी परगावी घेतली नाही, हे मी विसरलेली नाही. ओवाळून झाले. त्याने ताम्हनात पाकीट ठेवले आणि पिशवीतून कागद काढले. मिरजेच्या वाड्याचे हक्कसोडपत्र होते. वाडा पाडून तिथे इमारत उभी करायची. बिल्डरला बहिणींच्या सह्या हव्यात.

कायदा आता मुलीच्या बाजूने स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा दिला, जरी आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. २००५ साली साऱ्या देशाने दिला, त्यात लग्नाची अट नव्हती; आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात नसले, तरी मुलीचा हक्क जात नाही. पण कायदा पुस्तकात राहतो आणि हक्कसोडपत्र भाऊबीजेच्या ताम्हनाशेजारी येते. एक साडीचोळी, एक जेवण, आणि सही. न केली तर माहेर तुटले, असे कुणी म्हणत नाही. सगळ्यांना ते ठाऊक असते.

दादा म्हणाला, “तू शहाणी आहेस. तुला समजावून सांगायची गरज नाही.”

कन्या पलीकडे पाटावर बसून अनारसा खात होती. तिने मान वर केली. मला वाटते, दादाचे वाक्य तिला माझ्याआधी ऐकू गेले.

मी म्हटले, “दादा, इमारत बांध. माझी आडकाठी नाही. मोठी खोली तुझी, पुढची बाजू तुझी. पण सही करून माझं नाव काढणार नाही. आई-बाबांच्या घराच्या कागदावर मी असायला हवी.”

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने कागद पिशवीत घातले, श्रीखंड मागून घेतले आणि बसची वेळ झाली म्हणून उठला. त्यानंतर आठवड्याला येणारा फोन महिन्यावर गेला. रक्षाबंधनाला राखी पोस्टाने पाठवली. पोचल्याचे वहिनीने कळवले.

त्या रात्री अंथरुणात कन्येने विचारले, “मामा रागावला?”

“वाईट वाटलं त्याला.”

“तू शहाणी नाहीस म्हणून?”

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, “आई, शहाणा मुलगा काय करतो?”

वाचकहो, दोन दशके मी मराठी शिकवते आहे. पण या प्रश्नाला मजजवळ चटकन देण्यासारखे उत्तर नव्हते. नाना फडणीसांची गोष्ट सांगायला लागले, तर ती झोपून गेली होती.

यंदाच्या किल्ल्याची माती परवा आली. पन्हाळाच करायचा आणि ताराबाईंना वर न्यायचे, असे मुलांच्या सभेत मंजूर झाले आहे. ठराव मांडणाऱ्यांत तो जिन्यातल्या बाईंचा मुलगाही होता, असे कळते. सासूबाई गॅलरीत बसून वरून सूचना करतात : बुरूज वाकडा आहे, दरवाजा उत्तरेला घ्या.

आणि काल वहिनीचा फोन आला. भाऊबीजेला दोघेही येणार म्हणाली. वाड्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. भाचीला फ्रॉक आणायचा म्हणून तिने माप विचारले आणि मग म्हणाली, “रंग गुलाबी चालेल ना?” मी फोन कन्येच्या हातात दिला.

“चालेल,” कन्या म्हणाली. “पण मामी, खिसे हवेत. खरे. आत हात जाणारे.”